जावा आहे, पण कोणती?

२०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन नेमके कधी करायचे, यावर इथल्या मराठी घरांत आणि व्हॉट्सॲप गटांवर बरीच चर्चा झाली. अमावास्या भारतीय वेळेप्रमाणे ३१ ऑक्टोबरला दुपारी लागत होती आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपत होती. महाराष्ट्रात बहुतेक घरी १ नोव्हेंबरला पूजा झाली. इथे अमेरिकेत मात्र घड्याळातल्या फरकामुळे संध्याकाळची अमावास्या ३१ तारखेलाच मिळत होती, म्हणजे ऐन हॅलोविनच्या दिवशी. कोणाचेच पंचांग चुकीचे नव्हते. पण एकाच घरात सासूबाईंनी एक तारीख धरली आणि सुनेने दुसरी, तर झेंडू कधी आणायचे इथपासून घोळ सुरू होतो.

मोबाइल ॲप तयार करायला पहिल्यांदा बसलेल्या माणसाची अडचण बहुतेकदा याच जातीची असते. त्याच्या संगणकावर ‘जावा’ नावाची गोष्ट असते. किंबहुना दोन-तीन असतात. प्रत्येक जावा आपापल्या जागी बरोबर असते. फक्त ॲप बांधणाऱ्या वेगवेगळ्या भागांनी वेगवेगळी जावा धरलेली असते. मग पडद्यावर लाल अक्षरांच्या तीस-चाळीस ओळी येतात आणि माणूस घाबरून लॅपटॉप मिटतो.

संगणकक्षेत्रात मुरलेल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. हा लेख त्यांच्या घरातल्या इतरांसाठी आहे: रोबोटिक्सच्या वर्गाला जाणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि विशेषतः मुले थोडी मोठी झाल्यावर पुन्हा काही शिकू पाहणाऱ्या आपल्या मैत्रिणींसाठी. २६ मे २०१५ पासून एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना, म्हणजे ज्यांच्या घरी ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली आहे अशांना, इथे कामाची परवानगी मिळू लागली. त्यानंतर बँकेतल्या, शाळेतल्या, प्रयोगशाळेतल्या कितीतरी जणींनी ॲप बनवण्याचे अभ्यासक्रम घेतले. आम्हा काही जणींचा शनिवारी सकाळचा एक गट आहे. मराठी शाळेतल्या मुलांसाठी बाराखडीचे एक छोटे ॲप करायचे, एवढाच त्याचा उद्देश. त्या गटात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. ज्या जणी मध्येच सोडून गेल्या, त्यांतल्या बहुतेकींना प्रोग्रॅमिंग अवघड गेले असे म्हणता येणार नाही, कारण त्या तिथपर्यंत पोहोचल्याच नाहीत. पहिली ओळ लिहिण्याआधी, संगणक ‘तयार’ करतानाच त्यांचे घोडे पेंड खात होते. आणि त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष एकच: “मला हे जमणार नाही.”

हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते. जावाच्या आकड्यांचा गोंधळ हा बुद्धीचा प्रश्न नाही, तो नोंदवहीचा प्रश्न आहे. कोणाकडे कोणता आकडा आहे हे लिहून काढले की तो सुटतो.

इतक्या जावा आल्या कुठून?

जावाचा जन्म सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतला. १९९१ मध्ये जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती उपकरणांसाठी एक भाषा करायला घेतली. तिचे आधीचे नाव ‘ओक’. पुढे नाव बदलून ‘जावा’ झाले, ते कॉफीवरून, आणि १९९५ मध्ये ती जगापुढे आली. एकदा लिहा, कुठेही चालवा, असा तिचा बाणा होता. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली.

आकड्यांचा पहिला गोंधळ इथूनच सुरू होतो. सुरुवातीला आवृत्त्या १.०, १.१, १.२ अशा मोजल्या जात. नंतर बोलताना पुढचा ‘एक’ गळून पडला. म्हणून संगणकाने ‘१.८’ सांगितले तर ती जावा ८ समजायची. हे दोन वेगळे आकडे नाहीत. घरात ज्याला बंड्या म्हणतात त्याचेच शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव असावे, तसे आहे.

दुसरा गोंधळ वेगाचा. जावा ८ आली मार्च २०१४ मध्ये आणि ९ आली सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांनी. त्यानंतर मात्र दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायचे ठरले. या सगळ्यांना दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत नाहीत. ठरावीक आवृत्त्यांनाच मिळतात. ८, ११, १७, २१ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २५ या त्यातल्या. म्हणून अभ्यासक्रमांत आणि सूचनांमध्ये हेच आकडे पुन्हा पुन्हा भेटतात.

आता अनेकींना पडणारा प्रश्न: “मी तर जावा शिकतच नाहीये. मी फ्लटर शिकतेय, त्यात डार्ट भाषा आहे. मला जावा कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. रिॲक्ट नेटिव्ह शिकणारे जावास्क्रिप्ट लिहितात, आणि नावात साम्य असले तरी जावास्क्रिप्ट ही वेगळीच भाषा आहे. पण यांपैकी काहीही वापरून अँड्रॉइडसाठी ॲप करायचे असेल, तर शेवटी सगळे तुकडे जोडून ॲप बांधण्याचे काम ‘ग्रेडल’ नावाचा कार्यक्रम करतो, आणि ग्रेडल स्वतः जावावर चालतो. आपण भाजी कोणतीही करू, शेगडी त्याचीच आहे. आयफोनसाठीचे ॲप ॲपलच्या एक्सकोडमधून बांधले जाते, तिथे ही भानगड नसते. म्हणून एकीच्या मॅकवर आयफोनचे ॲप सुरळीत तयार होते आणि त्याच संगणकावर अँड्रॉइडचे अडते.

लाल अक्षरे वाचायची कशी?

शाळेत उतारा वाचायला देताना मी मुलांना सांगत असे, आधी प्रश्न वाचा, मग उतारा. इथेही तसेच करायचे. चाळीस ओळी वाचायच्या नाहीत. ‘व्हॉट वेंट राँग’ या शब्दांखालची ओळ शोधायची आणि तिच्यातले आकडे कागदावर उतरवायचे. बहुतेक वेळा संदेश पुढच्या चारांपैकी एक असतो.

पहिला अगदी सरळ असतो. ‘अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनला चालायला जावा १७ लागते, तुम्ही सध्या जावा ११ वापरत आहात’, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येते. हा प्लगइन म्हणजे ग्रेडलला अँड्रॉइडचे काम शिकवणारा भाग. त्याच्या ७.० या आवृत्तीने जुलै २०२१ मध्ये किमान जावा ११ मागितली आणि ८.० ने एप्रिल २०२३ मध्ये किमान जावा १७. काल चालणारे काम आज का अडले, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते: मधल्या काळात प्रकल्पातला प्लगइन नवा झाला आणि जावा जुनीच राहिली.

दुसरा संदेश गूढ वाटतो: ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’. जावा पासष्ट तर अजून यायची आहे, मग हा आकडा कुठला? जावाने तयार केलेल्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक खूण असते. सोळा अंकांच्या पद्धतीत वाचली तर ती ‘कॅफे बेब’ अशी दिसते; कॉफीची गंमत तिथेही आहेच. त्या खुणेनंतर फाइलची आवृत्ती लिहिलेली असते आणि ती मोजणी जावा १.१ साठी ४५ पासून धरली आहे. त्यामुळे आलेल्या आकड्यातून ४४ वजा करायचे. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. तिसरीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, पण ते माहीत नसेल तर मोठी माणसेही हतबल होतात.

हा संदेश पहिल्याच्या उलट तक्रार सांगतो. जावा नवी आणि ग्रेडल जुना, असे झाले आहे. जावा १७ वर चालायला ग्रेडल किमान ७.३ लागतो आणि जावा २१ वर चालायला किमान ८.५. प्रकल्पात ग्रेडल ७.५ असेल आणि संगणकावर जावा २१, तर त्याला तिची लिपीच वाचता येत नाही. उपाय दोन: ग्रेडल नवा करायचा, किंवा त्याला जावा १७ द्यायची. शिकणाऱ्याने दुसरा उपाय आधी करून पाहावा. कारण ग्रेडल बदलला की प्लगइन बदलावा लागतो, प्लगइन बदलला की आणखी काही, आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते.

तिसरा संदेश सांगतो की जावाचा आणि कोटलिनचा रोख जुळत नाही: एक ‘१.८’ म्हणते, दुसरी ‘१७’. कोटलिन ही अँड्रॉइडची आजची मुख्य भाषा. एकाच ॲपमध्ये ती जावाच्या बरोबरीने नांदू शकते. दोघींनी तयार केलेल्या फाइली एकाच आवृत्तीच्या असाव्या लागतात. पूर्वी या विसंगतीकडे दुर्लक्ष व्हायचे, ग्रेडल ८ पासून काम थांबते. यात नवी जावा उतरवून घ्यायची गरज नसते. ॲपच्या फोल्डरमधल्या ‘बिल्ड ग्रेडल’ फाइलमध्ये सोर्स आणि टार्गेट कंपॅटिबिलिटी एका ठिकाणी लिहिलेली असते आणि कोटलिनचे जेव्हीएम टार्गेट दुसऱ्या ठिकाणी. दोन्हीकडे एकच आकडा लिहायचा.

चौथा: ‘जावा होम चुकीच्या फोल्डरकडे बोट दाखवत आहे’. जावा होम म्हणजे संगणकाच्या सेटिंग्जमध्ये लिहून ठेवलेला जावाचा पत्ता. जुनी जावा काढून नवी घातली की फोल्डरचे नाव बदलते आणि पत्ता जुन्या घराचाच राहतो. कधी पत्त्याच्या शेवटी ‘बिन’ हे फोल्डर जोडलेले असते, तेही नको. पत्ता घरापर्यंतचा द्यायचा, स्वयंपाकघरापर्यंतचा नाही.

“पण माझ्याकडे सतराच आहे!”

एका शनिवारी आमच्यातली एक जण अगदी रडकुंडीला आली होती. नाशिकला सात वर्षे बँकेत काम केलेली, हिशेबात कधी पैची चूक नाही. “अगं ताई, हे बघ, टर्मिनलमध्ये विचारलं तर जावा १७ सांगतोय. आणि ॲप बांधायला घेतलं की म्हणतो ११ आहे. खोटं कोण बोलतंय?”

कोणीच खोटे बोलत नव्हते. तिने प्रश्न दोघांना विचारला होता आणि दोघांनी आपापले उत्तर दिले होते. मी तिला म्हटले, “बँकेत ताळा जुळला नाही तर काय करायचीस? तेच कर.” मग आम्ही वहीत रकाने आखले आणि प्रत्येकाला वेगवेगळे विचारले.

टर्मिनलमध्ये जावा आणि उणे चिन्ह लावून व्हर्जन असे लिहिले, तर ‘पाथ’ या यादीत जी जावा आधी सापडते तिचा आकडा मिळतो. टर्मिनलमधून ॲप बांधणारी ग्रेडलची फाइल मात्र आधी जावा होम पाहते आणि ते नसेल तरच पाथकडे वळते. शिवाय प्रकल्पाच्या ‘ग्रेडल प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये कोणी जावाचा पत्ता लिहून ठेवला असेल, तर ॲप त्याच जावावर बांधले जाते. अँड्रॉइड स्टुडिओ आपल्याबरोबर स्वतःची जावा घेऊन येतो. तो कोणती वापरतो हे सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्स, मग ग्रेडल, मग ‘ग्रेडल जेडीके’ इथे दिसते. फ्लटरचा क्रम आणखी वेगळा: त्याला मुद्दाम एखादी जावा नेमून दिली असेल तर ती, नाहीतर अँड्रॉइड स्टुडिओची, तीही नसेल तर जावा होम आणि सर्वांत शेवटी पाथ. ‘फ्लटर डॉक्टर’ला सविस्तर विचारले, म्हणजे उणे व्ही जोडले, तर तो आपल्या जावाचा पूर्ण पत्ता सांगतो.

ग्रेडलला त्याची आवृत्ती विचारली, तर तो स्वतःच्या आकड्याबरोबर आपण कोणत्या जावावर चालतो आहोत तेही सांगतो. खरे उत्तर हेच, कारण ॲप तोच बांधणार असतो. आमच्या मैत्रिणीच्या वहीत पाथसमोर १७ आले आणि जावा होमसमोर ११. दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी अभ्यासक्रमासाठी घातलेल्या जावाचा तो पत्ता होता. तिने एक ओळ बदलली, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडले आणि बाराखडीचा पहिला ‘क’ तिच्या फोनवर उमटला. एकूण वेळ वीस मिनिटे. त्याआधी तिचे तीन आठवडे गेले होते.

टर्मिनल पुन्हा उघडण्याला महत्त्व आहे. आधीपासून उघडे असलेले टर्मिनल जुनाच पत्ता धरून बसते. ग्रेडलचा एक भाग काम संपल्यावरही तीन तासांपर्यंत पडद्यामागे जागा राहतो; त्याला ‘स्टॉप’ची आज्ञा देऊन थांबवले म्हणजे मनात शंका उरत नाही.

काय करू नये

घाईने सगळ्या जावा काढून टाकू नयेत. दोन-तीन आवृत्त्या एका संगणकावर सुखाने राहतात. जुन्या प्रकल्पाला जुनी लागते, नव्याला नवी.

सर्वांत नवी तीच सर्वांत चांगली, असे समजून चालू नये. जावा ११ मधून जेएएक्सबी नावाचा एक भाग काढून टाकला. अँड्रॉइडच्या जुन्या एसडीके मॅनेजरला तो लागत असे. जावा ८ वर बिनतक्रार चालणारा तो मॅनेजर ११ वर सुरू होताच कोसळायचा. नवे घेताना आपल्या बाकीच्या भागांना ते चालते का, हे आधी पाहावे.

इंटरनेटवर सापडलेले पाच उपाय एकदम करू नयेत. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते. एका वेळी एकच बदल, तो वहीत लिहायचा, मग करून पाहायचे. नाही जमले तर तो बदल परत फिरवून पुढचा.

दोघी-तिघी मिळून एकच प्रकल्प करत असतील, तर आपल्या संगणकावरचा जावाचा पत्ता त्या सामायिक प्रकल्पाच्या फाइलमध्ये लिहू नये. तो पत्ता इतरांच्या संगणकावर नसतो. आपले काम होते आणि बाकीच्यांचे बंद पडते. आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्येही ग्रेडलची तशीच एक प्रॉपर्टीज फाइल ठेवता येते, पत्ता तिथे लिहावा.

आणि एक भीती मनातून काढून टाकावी. “जावा १७ केली तर साताऱ्याला आईंच्या जुन्या फोनवर हे ॲप चालेल ना?” असे आमच्या गटात विचारले गेले होते. ॲप बांधायला कोणती जावा वापरली, याने फोनची मर्यादा ठरत नाही. किती जुन्या अँड्रॉइडपर्यंत ॲप चालावे, हे ‘मिन एसडीके’ नावाचा वेगळा आकडा ठरवतो. बांधताना सगळे फोनला कळेल अशा रूपात बदलले जाते. फोनवर ही जावा मुळी जातच नाही. आजीला नातीच्या आवाजातली बाराखडी ऐकता येईल.

जाणकारांना एक विनंती

आपल्या मंडळात असे घर विरळा, जिथे हे प्रश्न पाच मिनिटांत सोडवणारे कोणी नाही. तिथेच खरी मेख आहे. बायको किंवा मुलगी अडली की आपण म्हणतो, “सरक जरा, मी बघतो.” मग भराभर चार खिडक्या उघडतात, दोन मिटतात, लाल अक्षरे जातात. शिकणारीला एवढेच कळते की, हे दुसऱ्याला येते आणि आपल्याला येत नाही. सहा महिन्यांनी प्लगइन नवा होतो, तीच लाल अक्षरे परत येतात, आणि या वेळी विचारायचा संकोच वाटतो.

त्यापेक्षा माउसला हात न लावता शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. संदेशात कोणते आकडे आहेत? ग्रेडल कोणत्या जावावर चालतो आहे? प्रकल्पाला कोणती हवी आहे? उत्तरे तिला शोधू द्या. अर्धा तास जास्त जाईल, पण पुढच्या वेळी तुम्हाला हाक येणार नाही.

आमच्या गटाची आता एक सामायिक वही आहे, कागदाचीच. प्रत्येकीच्या नावापुढे चार रकाने: ग्रेडल, प्लगइन, ग्रेडलची जावा, जावा होम. काही नवे घातले की तारीख टाकून आकडा बदलायचा. पुढच्या दिवाळीपर्यंत या लेखातले काही आकडे जुने झालेले असतील, पण रकाने तेच राहतील. नाशिकची मैत्रीण सध्या जोडाक्षरांवर काम करते आहे. गेल्या महिन्यात गटात नव्याने आलेल्या एका मुलीच्या पडद्यावर ‘मेजर व्हर्जन ६१’ आले, तेव्हा आम्ही कोणी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “चव्वेचाळीस वजा कर आणि वही घे.”